क्लासबाहेरचं पुस्तक

अकरावी संपल्यावर वडील मला शिरूरच्या केमिस्ट्रीच्या क्लासला घेऊन गेले, तेव्हा सरांच्या टेबलावर वायरिंगचा एक पांढरा पाइप पडलेला होता. हातभर लांब, धरायच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. वडिलांनी तो उचलला, स्वतःच्या तळहातावर हलकेच मारून पाहिला आणि परत ठेवला.

"लागंल तवा वापरा सर," ते म्हणाले. "आमी इचारायला येणार न्हाई."

सर हसले. वडीलही हसले. मग दोघांनी चहा घेतला आणि माझा प्रवेश झाला.

आमचं गाव मांडवगण फराटा. उसाचा पट्टा, विहिरी, पाइपलाइनी, सोसायटीच्या निवडणुका. वडिलांना सगळा गाव आप्पा म्हणायचा आणि घरात आम्हीही आप्पाच म्हणायचो. आप्पांच्या शब्दाला गावात वजन होतं. ते वजन कशातून आलं होतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मोटर चोरायला आलेल्या एका माणसाला त्यांनी विहिरीच्या कठड्याला बांधून बडवलं होतं, ते मी पाचवीत असताना पाहिलं. आईला मारायचे ते मात्र दार लावून. दार लावलं की बाहेर आवाज जात नाही, असं त्यांना वाटत असावं.

त्यामुळे क्लासमधल्या माराचं मला नवल नव्हतं. तिथं सगळेच खायचे. हार्डवेअरच्या दुकानावर पत्र्याची मोठी खोली, दाटीनं लावलेले बाक, निमोण्यापासून आमच्या गावापर्यंतची मुलंमुली. सर अंगानं बारीक, आवाजानं मऊ. मारताना आवाज चढवत नसत. "हात पुढे," एवढंच म्हणायचे. त्यांच्या क्लासचा निकाल चांगला लागायचा, म्हणून कुणाच्याच घरून तक्रार येत नव्हती.

सरांनी स्वतःचं एक मोड्यूल छापून घेतलं होतं. स्पायरल बायंडिंगचं, प्रत्येक पानावर चौकटी आणि चौकटींवर 'लक्षात ठेवा'. क्लासमध्ये तेवढंच चालायचं. बोर्डाचं पुस्तकसुद्धा दप्तरात ठेवायचं, बाकावर नाही. "माझ्याकडे शिकायचं तर माझं मोड्यूल," ते म्हणायचे. "दुसरं पुस्तक दिसलं तर मी समजेन की तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

मोड्यूलमध्ये एक चौकट होती. कार्बनला तीन गट जोडलेले असतील तर अभिक्रिया एसएन-वन मार्गानं, एकच असेल तर एसएन-टू. लक्षात ठेवा. मी मराठी माध्यमातून आलेली, मला पाठांतर जमायचं, पण ही चौकट काही केल्या डोक्यात राहत नव्हती. रोज उलटी व्हायची. एके दिवशी मी विचारलं, "सर, असं का होतं?"

"एंट्रन्सच्या पेपरात 'का' विचारत नाहीत," सर म्हणाले. "हात पुढे."

दिवाळीत मी दौंडला मामाकडे गेले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रेल्वेत फिटर, कॉलनीत क्वार्टर. शेजारच्या क्वार्टरमधली मुलगी आदल्या वर्षी मेडिकलला लागली होती. तिच्या आईनं तिचं केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक मला दिलं. पानापानावर पेन्सिलच्या खुणा होत्या. त्यात मला माझी चौकट सापडली, पण चौकटीत नव्हती, दीड पान समजावून सांगितली होती. कार्बनभोवती तीन मोठे गट दाटीनं बसले असले की मागून येणाऱ्याला आत शिरायला जागाच राहत नाही. मग आधी आतल्या एकाला बाहेर पडावं लागतं, तेव्हा कुठं बाहेरचा आत येतो. मी ते वाचलं आणि मामींना हाक मारून सांगितलं. मामी कणीक मळत होत्या. "एसटीत व्हतं तसंच की," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून ती चौकट कधी उलटी झाली नाही.

सुट्टी संपल्यावर ते पुस्तक मी क्लासला नेलं. बाहेर काढायचं नव्हतं, फक्त मधल्या वेळात वाचायचं होतं. पण ते मोड्यूलखाली बाकावरच राहिलं. सर बाकांमधून फिरत आले आणि माझं मोड्यूल त्यांनी पाइपच्या टोकानं बाजूला सारलं.

"हे काय?"

"पुस्तक, सर. दौंडहून आणलंय."

"दौंडला क्लास लावलास?"

"नाही सर. नुसतं वाचायला आणलं. ह्यात कारण दिलंय."

"कारण दिलंय," ते म्हणाले. त्यांनी पुस्तक उचललं, मधोमध उघडलं, अर्धा भाग जमिनीवर चपलेखाली दाबला आणि दुसरा भाग दोन्ही हातांनी वर ओढला. शिवण करकरत सुटली. हातातला भाग त्यांनी खिडकीतून खाली रस्त्यावर फेकला. पायाखालचा भाग उचलायला मी वाकले, तेव्हा पहिला फटका बसला.

तो मनगटाच्या हाडावर बसला. नेहमी ते तळहातावर मारायचे. त्या दिवशी हात पुढे करायला सांगितलंच नाही. दंडावर, पाठीवर, परत मनगटावर. मनगटाची कातडी फुटली आणि रक्त मोड्यूलच्या पानावर पडलं. माझ्याशेजारच्या मैत्रिणीनं पाय वर बाकावर घेतले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तिला लागलंय." त्याच्या कानावर पाइप बसला आणि तो तसाच खाली बसला. मग सर फळ्याकडे गेले आणि अर्धवट राहिलेलं समीकरण त्यांनी पुरं केलं. मी ते सगळं उतरवून घेतलं, डाव्या हातानं.

क्लास सुटल्यावर खाली गेले. हार्डवेअरच्या दुकानातल्या कुणीतरी पानं गोळा करून त्यांच्यावर खिळ्यांचं खोकं ठेवलं होतं. मी दोन्ही भाग ओढणीत बांधून घरी आणले.

घरी सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून जेवायला बसले. आप्पांनी दोन घास पाहिलं, मग म्हणाले, "उजव्या हातानं जेव." मी हात पुढे केला तशी बाही वर सरकली. त्यांनी दुखतंय का असं विचारलं नाही.

"कुणी?" एवढंच म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी ताट अर्धं सोडून हात धुतले आणि माझ्या दोन चुलत भावांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये बसवलं. आई दारात येऊन म्हणाली, "तिला कशाला नेताय?"

"तिच्याम्होरंच व्हऊ दे," आप्पा म्हणाले.

वाटेत जीप थांबवून एका भावानं मला वडापाव आणून दिला. तो मी हातात धरून ठेवला होता, जिना चढतानाही.

सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. आप्पांनी त्यांना वळू दिलं, आणि मग थोबाडीत मारली. चष्मा उडून पहिल्या बाकाखाली गेला. भावानं टेबलावरचा पाइप उचलला. सर मऊ आवाजातच म्हणाले, "आप्पासाहेब, तुम्हीच सांगितलं होतं." ते ऐकून आप्पा आणखी चिडले. त्यांनी सरांची गचांडी धरून त्यांना फळ्यावर आपटलं. भाऊ पाइपनं पायांवर मारत होता, दुसरा मोड्यूलचे गठ्ठे लाथेनं उडवत होता. मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली. काही मुली रडत होत्या. कुणी खाली पळालं नाही, कारण दार आप्पांच्या पाठीमागं होतं.

सर खाली पडले आणि त्यांनी चेहऱ्यासमोर उजवा हात धरला. आप्पांनी तो हात धरून पाठीमागे पिळला. काहीतरी मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. सर पहिल्यांदाच ओरडले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग ना गं यांना."

मी पुढे झाले आणि आप्पांचा दंड धरला. "आप्पा, बास झालं." त्यांनी हात झटकला. त्यांचं कोपर माझ्या तोंडावर आदळलं आणि पुढच्या दाताचा तुकडा माझ्या जिभेवर आला. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. मी तोंड मिटून घेतलं. रक्त गिळलं तरी येतच होतं.

निघताना आप्पा सगळ्या वर्गाला म्हणाले, "कुठलं पुस्तक वाचायचं ते आता माझी पोरगी ठरवंल."

पोलिसांत सरांचा अर्ज गेला आणि काही दिवसांत मागेही आला. कसा मागे आला ते मला कुणी सांगितलं नाही. गावात आप्पांचं कौतुक झालं. शिरूरमधल्या दुसऱ्या क्लासमध्ये मी आईबरोबर गेले, तर तिथल्या बाईंनी आमचं गाव विचारलं आणि म्हणाल्या, "बॅच भरली." बाक रिकामे दिसत होते. तिसऱ्या ठिकाणी तर आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. माझ्याशेजारी बसणारी मैत्रीण कॉलेजात दिसली की दुसऱ्या रांगेत जाऊन बसायची. मला तिचा राग आला नाही. माझ्या पाठीमागून कोण येईल याची तिला भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी नव्हती.

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. आईनं एके सकाळी माझी बॅग भरायला घेतली. कॉलेजला प्रॅक्टिकलपुरतं जायचं, बाकी दौंडला मामाकडं राहून अभ्यास करायचा, असं तिनं परस्पर ठरवलं होतं.

"माझ्या पोरीला मेहुण्याच्या दारात ठिवायची न्हाई," आप्पा म्हणाले.

आई कपड्यांच्या घड्या करत राहिली. आप्पांनी तिच्या पाठीत बुक्की मारली. त्या दिवशी दार लावलेलं नव्हतं. आई पुढे वाकली, हात टेकून सरळ झाली आणि तिनं माझा स्वेटर बॅगेत ठेवला. दुसरी बुक्की खांद्यावर बसली. तिनं चेन ओढली.

"चल," ती मला म्हणाली. "यष्टी जाईल."

आम्ही दोघी निघालो. आप्पा मागं आले नाहीत. एसटीत आईला धाप लागली होती, पण तिनं खिडकी उघडू दिली नाही, मला वारा लागेल म्हणून.

दौंडला पहिल्याच आठवड्यात मामा मला पुस्तकांच्या दुकानात घेऊन गेले. फाटलेलं पुस्तक मी दोऱ्यानं शिवलं होतं, पण मधली बरीच पानं गेली होती. दुकानदार वयस्कर होता.

"कुठल्या क्लासला आहेस?" त्यानं विचारलं.

"कुठल्याच नाही."

"मग अवघड आहे. क्लासवाले सांगतात तेच पोरं नेतात. मला स्वतःला त्यातलं कळत नाही." त्यानं चार-पाच पुस्तकं काउंटरवर मांडली आणि धूळ झटकायला लाकडी दांड्याचं फडकं उचललं. त्याचा हात वर गेला तशी मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसले. काउंटरला कपाळ आपटलं. दुकानदार तसाच हात वर धरून उभा राहिला. मामांनी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि दुकानाबाहेर नेऊन ठेवलं.

मग मी पुस्तकं उघडली. आधी सगळ्यांत जाड, गुळगुळीत कागदाचं, ते घ्यावं असं वाटलं. त्याला पाहूनच अभ्यास झाल्यासारखं वाटत होतं. पण त्याचं इंग्रजी असं होतं की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. दुसऱ्यात नुसते प्रश्न आणि मागं उत्तरांचे ए-बी-सी-डी. तिसऱ्यात युक्त्या होत्या, लक्षात ठेवायच्या ओळी, चौकटी. ते मी लगेच मिटलं. चौथं पातळ होतं, कागद पिवळट. त्यात मी कार्बनचं तेच प्रकरण काढलं आणि उभ्यानं वाचलं. वाक्यं लहान होती. गणितं पायरी न गाळता सोडवलेली होती. जिथं चूक होते तिथं ती का होते हे लिहिलं होतं. मी दोन पानं वाचली आणि एकही शब्द मामांना विचारावा लागला नाही.

"हे," मी म्हणाले.

"बारकं हाय की," मामा म्हणाले. "पुरंल का?"

"आधी बोर्डाचं वाचीन, मग हे, आन् मग प्रश्नांचं ते दुसरं." आयुष्यात मी स्वतः ठरवून सांगितलेली ती पहिली गोष्ट असावी. जाड पुस्तक मात्र दुकानदारानं आग्रहानं वाचायला दिलं. ते महिनाभर माझ्या उशाशी पडून होतं, आणि एकदाही उघडलं नाही म्हणून मी परत नेऊन दिलं.

आई गावी परत गेली होती. तिच्याकडून फोन यायचा तो दुपारी, आप्पा मळ्यात असताना. मी रोज क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर बसायचे. रुळांवरून मालगाड्या जायच्या, डबे एकमेकांवर आदळायचे, आणि त्या प्रत्येक आवाजाला माझे खांदे वर यायचे. हळूहळू ते कमी झालं.

एका रविवारी आप्पा आले. एकटेच. मामींनी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"चल घरी," ते मला म्हणाले. "लोकं इचारत्यात, पोरगी कुठं हाय म्हणून."

"दाजी, परीक्षा व्हऊ द्या," मामा म्हणाले.

"तुमी मधी पडू नका पाव्हणं."

मी म्हणाले, "आप्पा, मी येणार नाही. माझा दात बघा. त्या दिवशी तुमच्या कोपरानं तुटला."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते बसतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "मला सांगतीस?" ते म्हणाले आणि ओट्यावरचं माझं पुस्तक त्यांनी उचललं. मामांनी त्यांचा हात धरला. आप्पांनी मामांच्या छातीत गुडघा घातला. मामा ओट्यावरच्या पत्र्याच्या कपाटावर जाऊन आदळले आणि कपाटाच्या कडेनं त्यांची भुवई फाटली. मामी ओरडल्या तशी शेजारपाजारची माणसं धावली. रेल्वेतली दणकट माणसं. त्यांनी आप्पांना अंगणात ओढलं, पालथं पाडलं आणि मारलं. एकानं त्यांच्या मानेवर गुडघा ठेवला. आप्पांचं तोंड मातीत होतं आणि त्यांच्या एका पायातली चप्पल निघाली होती.

हे बघून मला बरं वाटेल असं कधीतरी वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी म्हणाले, "सोडा त्यांना. माझे वडील आहेत." मामांनी भुवईवर टॉवेल दाबून तेच सांगितलं. माणसं बाजूला झाली. आप्पा उठले, त्यांनी माती झटकली, चप्पल शोधून घातली. पुस्तक त्यांच्या हातातून सुटून मोरीशी पडलं होतं. त्याच्याकडे ते बघत होते. त्यांनी ते उचललं नाही, लाथही मारली नाही. फाटक उघडून स्टेशनच्या दिशेनं गेले.

बारावीला मला चांगले मार्क पडले, केमिस्ट्रीत सर्वांत जास्त. एंट्रन्सला मेडिकल मिळण्याइतके नाही पडले. फिजिक्समध्ये मार खाल्ला. मी पुण्याला बीएस्सीला गेले, पुढे एमएस्सी केलं आणि आता रांजणगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. आप्पा माझ्याशी बोलतात, कामापुरतं. माझ्यावर हात उचलला नाही परत. आईवर उचलतात का, हे मी आईला दर वेळी विचारते आणि दर वेळी ती म्हणते, "आता वय झालं त्यांचं." ते उत्तर नव्हे हे आम्हा दोघींनाही कळतं. ती माझ्याकडे येऊन राहते, कधी महिना महिना. आप्पा न्यायला येत नाहीत.

सर मला एकदा शिरूरच्या एसटी स्टँडवर भेटले. उजवा हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता. मी नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. थोडा वेळ आम्ही दोघं बसच्या पाट्या वाचत उभे राहिलो.

"कुठलं पुस्तक वापरलंस मग?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"माझं मोड्यूल त्याच्यापेक्षा बरं होतं," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांची पिशवी हातातून घ्यावीशी वाटली. त्यांची गाडी लागली. ते डाव्या हातानं दांडी धरून चढले.

सुट्टीला मी अजून दौंडला जाते. मामा रिटायर झाले, पण दौंडमध्येच घर बांधलंय. कॉलनीतल्या अकरावी-बारावीच्या मुली येतात, कुठलं केमिस्ट्रीचं पुस्तक घ्यावं विचारतात. मी नाव सांगत नाही. त्यांना दुकानात नेते. आता तिथं म्हाताऱ्याचा मुलगा बसतो. न समजलेलं एक प्रकरण घ्या, प्रत्येक पुस्तकात तेवढंच वाचा, घाई करू नका, असं सांगते आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसते. मागच्या खेपेला एका मुलीनं रंगीत चित्रांचं, भरपूर चौकटींचं पुस्तक निवडलं. मी ते कधी घेतलं नसतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ती ते छातीशी धरून बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, ह्यातलं मला कळतंय."

मी म्हणाले, "मग हेच घे."